पिंपं लाल होईनात

९ जानेवारी

गुलाबी साहेब आज शेडवर येऊन गेले. हे नाव मी ठेवलंय. माशांचं खाद्य बनवतात आणि बोलताना सारखं 'गुलाबी' म्हणतात. त्यांच्या गिऱ्हाइकांना माशाचं मांस गुलाबी हवं असतं. तळ्यात पाळलेला मासा नुसत्या पिठावर गुलाबी होत नाही, खाद्यात रंग घालावा लागतो. आणि आता कारखान्यातला रंग कुणाला नको, शेवाळातला हवा. ते शेवाळ माझ्याकडे आहे. आठ उभी काचेची पिंपं भरून आहे.

साहेबांनी सरळ सांगितलं, मार्चअखेरपर्यंत एक बॅच अशी दाखवा की सुकवलेल्या मालात रंग दोन टक्क्यांच्या वर भरेल. मग वर्षभर जे काढाल ते सगळं मी विकत घेईन. नाही दाखवली, तर राम राम. मार्चनंतर शेडचा मालकही भाड्यासाठी थांबणार नाही, शेजारच्या टायरवाल्याला त्याने शब्द देऊन ठेवलाय. मग मला जुन्या गिरणीच्या प्रयोगशाळेत परत जावं लागेल. जिला मी पिपेट धरायला शिकवलं, ती आता तिथे प्रमुख आहे. तिच्यासमोर रजेचा अर्ज घेऊन उभं राहायचं? त्यापेक्षा मी टायर विकीन.

हे शेवाळ सुखात असलं की हिरवं असतं. खायला नायट्रेट, बेताचा उजेड, खालून हवेचे बुडबुडे, एवढ्यावर ते वाढत राहतं. मग एक दिवस खाणं बंद करायचं आणि सगळे दिवे लावायचे. मग ते घाबरतं, अंगाभोवती जाड कवच करून गप्प बसतं आणि आत लाल रंग साठवतं. तोच आपला माल. "उपाशी ठेवल्याशिवाय ते मोलाचं होत नाही," असं मी साहेबांना म्हटलं तेव्हा ते मनापासून हसले. आप्पा तिथेच खुर्चीवर बसले होते. ते हसले नाहीत.

१४ जानेवारी

आप्पांबद्दल जरा लिहायला हवं, कारण आता ते दिवसभर शेडवरच असतात. माझे वडील. उभं आयुष्य बस डेपोत हजेरी मांडण्यात गेलं. गेल्या वर्षी आई गेली, तेव्हापासून माझ्याकडे आहेत. घरी एकटे ठेवले की दार उघडून जिन्यात उभे राहतात. कुणाची वाट बघताय विचारलं तर म्हणतात, कुणाची नाही. म्हणून सोबत आणते.

त्यांना मी एक काम लावून दिलंय. सकाळी प्रत्येक पिंपात एक माप नायट्रेटचं पाणी घालायचं. ते हे काम इतक्या मायेने करतात की मला हसू येतं. एकेका पिंपासमोर उभे राहतात, ओततात, थोडं थांबतात, मग पुढच्याकडे जातात. एरवी आईच्या आजारपणात शिकलेला स्वयंपाक चालू असतो. सकाळी उठून डबा भरतात. आज तो तसाच परत गेला. पंपाची वायसर गेली होती, कुठे बसून खाणार?

२० जानेवारी

आठही पिंपं हिरवीगार. भिंगाखाली बघितलं, पेशी भिरभिर पळताहेत. कंबर कसली आणि खाणं बंद केलं. कागदाची पट्टी बुडवून नायट्रेट तपासलं, शून्य. सगळे दिवे लावले.

आप्पांना सांगितलं, "आजपासून यात काही घालायचं नाही."

"किती दिवस?"

"लाल होईपर्यंत."

"आणि तोवर उपाशी?"

"आप्पा, ते शेवाळ आहे."

"बरं." थोड्या वेळाने म्हणाले, "तू जेवलीस का?"

विषय कुठला, बोलणं कुठलं. मी म्हटलं, जेवते नंतर.

२५ जानेवारी

पाचव्या दिवशी तपकिरी झाक यायला हवी. परवा किंचित आली होती, म्हणजे मला तरी वाटलं. आज पुन्हा हिरवं. हट्टी मुलासारखं बघतंय माझ्याकडे. दिवे कमी पडताहेत, दुसरं काय! आणखी चार आणले.

आप्पा मात्र मजेत आहेत. आई गेल्यापासून इतके खुशीत मी त्यांना बघितलं नव्हतं. सकाळी माझ्या आधी चप्पल घालून तयार. मी नमुना पोचवायला, सामान आणायला बाहेर जाते तेव्हा शेड तेच सांभाळतात. बरं झालं, त्यांचं मन रमलं.

२८ जानेवारी

मी स्टुलावरून पडले. वरचा दिवा फिरवत होते, डोळ्यांसमोर जरा काळं आलं आणि खाली. कोपर सोलवटलं, बाकी काही नाही. ते स्टूल डुगडुगतं, एक पाय बदलून घ्यायला हवा. आप्पांनी स्टूल उलटंपालटं करून बघितलं, त्यावर उभे राहूनही बघितलं. म्हणाले, "यात काही दोष नाही." त्यांची नजर अधू झालीय.

मग डबा उघडून माझ्यासमोर ठेवला आणि बाजूला बसून राहिले. मी दोन घास घेतले तेवढ्यात साहेबांचा फोन आला. गुलाबी, गुलाबी, गुलाबी. फोन संपेपर्यंत जेवण गार झालं.

२ फेब्रुवारी

अजून हिरवंच. आता मीठ घातलं. मिठाने शेवाळ आणखी बिथरतं, रंग लवकर धरतं. सगळीकडे तसंच करतात. थोडं जास्तच घातलं. बघू कसं बिथरत नाही ते.

कपडे सैल झालेत. एका कामात दोन कामं झाली म्हणायची, नाहीतर वजन कमी करायला लोक काय काय करतात.

५ फेब्रुवारी

आजचा दिवस वाईट.

लॅबवालीकडून आकडा आला. ती माझी शाळेतली मैत्रीण, तिची स्वतःची तपासणीची लॅब आहे. म्हणाली, "पॉइंट चार." मला वाटलं चार टक्के म्हणतेय, क्षणभर आनंदाने नाचायची बाकी राहिले. मग कळलं, शून्याच्या पुढचे चार. शिवाय अर्ध्या पेशी मेलेल्या. मिठाने. आधी घातलं त्यावर मी आणखी दोनदा घातलं होतं. कुणाला सांगायची सोय नाही, इथे लिहिते.

"पाण्यात नायट्रेट बघितलंस?" तिने विचारलं.

"बघितलं. शून्य आहे."

"कधी बघितलंस?"

"पहिल्या दिवशी."

फोन ठेवला आणि पट्टी बुडवली. पट्टी गुलाबी झाली. या सगळ्या प्रकरणात गुलाबी झालेली ती एकच गोष्ट. नायट्रेट आहे, आणि भरपूर आहे! नळाच्या पाण्यातून येतंय, नक्कीच. पिंपातलं पाणी आटतं तसं मी वरून नळाचं पाणी घालते. पालिकेच्या नावाने जे बोलले ते लिहीत नाही.

आठही पिंपं ओतून दिली. गटाराच्या जाळीपाशी हिरवा फेस आला. आप्पा दारात उभे होते. म्हणाले, "सगळीच?" मी म्हटलं, सगळीच. ते आत जाऊन खुर्चीवर बसले आणि घरी जायची वेळ झाली तरी उठले नाहीत. माझंच मन थाऱ्यावर नव्हतं, मी विचारलं नाही.

६ फेब्रुवारी

रात्री ठरवलं होतं की सोडून द्यावं. सकाळी दात घासताना गिरणीतल्या त्या जुन्या शिकाऊ मुलीचा चेहरा डोळ्यांसमोर आला आणि ठरवलं, नाही सोडायचं. नवं शेवाळ वाढवायला वेगळं ठेवलेलं बीजाचं छोटं पिंप शाबूत आहे. त्यातून पुन्हा आठ भरता येतील. हिरवं व्हायला तीन आठवडे, लाल व्हायला दोन. मार्च संपायच्या आत बसतं. तिसऱ्यांदा मात्र वेळ नाही. हीच शेवटची.

पाण्याला गाळणीचं यंत्र बसवलं. आता नळातून नायट्रेट येऊन दाखवावंच.

१९ फेब्रुवारी

हिरवं छान वाढतंय. आप्पा पुन्हा माप घेऊन पिंपांसमोर उभे. आज त्यांना म्हटलं, तुमच्या हाताला गुण आहे. लाजले चक्क.

धाकट्याचा फोन. धाकटा म्हणजे माझा भाऊ, शेजारच्या गावात असतो. "ताई, आप्पांना माझ्याकडे पाठव थोडे दिवस. तुझं हे चाललंय, तुला त्रास." मी म्हटलं, त्रास कसला, त्यांची मला मदतच होते. तो म्हणाला, "तुझा आवाज का असा येतोय?" कसा येतोय विचारलं, तर म्हणे थकलेला. मी म्हटलं, फोनला रेंज नाही.

२७ फेब्रुवारी

खाणं बंद, दिवे चालू. मीठ चिमूटभर आणि एकदाच, लॅबवालीची शपथ घेऊन.

आप्पांना पुन्हा नीट समजावलं. ते ऐकत होते, मान हलवत होते. मग म्हणाले, "मागच्या वेळेला एवढी उपाशी ठेवून काय झालं? मेलीच ना?"

"मिठाने मेली, आप्पा. उपाशी राहून नाही मरत ती."

"तुला असं वाटतं," ते म्हणाले. माझ्याकडेच बघत म्हणाले. म्हातारपणी माणूस हट्टी होतो.

३ मार्च

हिरवं. अजून हिरवं. पट्टी बुडवली, पुन्हा गुलाबी. गाळणीचं पाणी वेगळं तपासलं, ते स्वच्छ. मग हे नायट्रेट काय हवेतून पडतंय? माझं डोकं चालेनासं झालंय. गुलाबी साहेबांनी फोनवर विचारलं, "कसं काय, रंग धरतोय का?" मी म्हटलं, धरतोय. धडधडीत खोटं. फोन ठेवल्यावर पिंपाला टेकून खालीच बसले. सकाळपासून नुसत्या चहावर आहे, त्यामुळे असेल.

४ मार्च

कळलं.

सामान आणायला निघाले होते, पाकीट विसरलं म्हणून अर्ध्या रस्त्यातून परत आले. शेडमध्ये आप्पा खुर्चीवर पेपर वाचत होते. आणि मोरीपाशी ते माप होतं. धुऊन, पालथं घातलेलं. खाली पाण्याचे थेंब.

मी माप कधी धूत नाही. विसळून तसंच अडकवते. धुऊन पालथं घालायची सवय या घरात एकाच माणसाला आहे, चहाचा कपसुद्धा ते तसाच ठेवतात.

"आप्पा, तुम्ही यात काही घातलंत?"

त्यांनी पेपर खाली ठेवला. "हो."

"आज?"

"रोजच. अर्धं अर्धं माप. जास्त नाही."

मागच्या वेळीही? मागच्या वेळीही.

मग मी जे बोलले ते शेजारच्या टायरवाल्यानेही ऐकलं असणार. तुमच्यामुळे माझी एक बॅच गेली, तुमच्यामुळे मी पालिकेला शिव्या दिल्या, यंत्र बसवलं, साहेबांशी खोटं बोलले, शेड जायची वेळ आली. एवढं एक काम सांगितलं होतं, काही न करण्याचं, तेही जमलं नाही. आप्पा उभे राहिले होते. डेपोत साहेबासमोर उभे राहत असतील तसे. का घातलंत, मी दोनदा विचारलं. म्हणाले, "चुकलं माझं."

५ मार्च

आप्पा धाकट्याकडे गेले. स्वतःच फोन करून त्याला बोलावलं, स्वतःच पिशवी भरली. मी थांबा म्हटलं नाही. जाताना म्हणाले, "फ्रीजमध्ये दोन दिवसांचं करून ठेवलंय." मला अजून राग आहे. राग असणारच. यात माझं काय चुकलं?

पट्टी अजून गुलाबी. पण शेवाळच ते संपवेल. आठवडा वाया गेला, बाकी काही नाही. अजूनही बसतं. हिशेब पुन्हा मांडून बघितला, बसतं.

८ मार्च

पट्टी पांढरी! आता खरा उपास. शेडला आतून कुलूप लावून काम करते. कुणी येणार नाही हे माहीत असूनही लावते.

फ्रीजमधलं काल टाकून दिलं, वास यायला लागला होता.

१२ मार्च

तपकिरी. मग विटकरी. पाचव्या पिंपात तर तळाशी लालभडक रेघ. भिंगाखाली पेशी पळायच्या थांबल्यात, गोल झाल्यात, प्रत्येकीच्या मध्ये लाल ठिपका. मी एकटीच "आहाहा" म्हणाले. म्हटल्यावर खुर्चीकडे बघितलं. रिकामी होती, असणारच.

लगेच उठले, तर सगळी शेड फिरली. शुद्धीवर आले तेव्हा फरशीवर होते. नमुना न्यायला लॅबवाली आली होती, दार वाजवून वाजवून शेवटी तिने टायरवाल्याकडून दार तोडवलं. डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी रक्त तपासलं, वजन केलं, आणि मला विचारायचं सोडून लॅबवालीला विचारलं, "या जेवत नाहीत का?" नेहमीचं बोलणं, डॉक्टर दुसरं काय बोलणार. लॅबवालीने मला घरी सोडलं.

१५ मार्च

धाकट्याचा फोन. लॅबवालीने त्याला सांगितलेलं दिसतंय. मी म्हटलं मी ठणठणीत आहे. तो म्हणाला, "ते राहू दे. आप्पांचं सांगायला फोन केलाय."

म्हणाला, आप्पा त्याच्याकडे काहीच करत नाहीत. ताट समोर आलं की जेवतात, नाहीतर गॅलरीत बसतात. काल त्याने त्यांना विचारलं, आप्पा, तिच्या पिंपांत का घालत होता? ताईने बजावलं होतं ना? त्यावर ते काय म्हणाले, ते धाकट्याने मला जसंच्या तसं सांगितलं. मी इथे लिहून ठेवते, कारण विसरायचं नाही.

"ती जेवत नव्हती. डबा भरून न्यायचा आणि भरलेलाच परत आणायचा. तिला बोलून उपयोग नव्हता. पिंपांना घातलं की ती हिरवी व्हायची. कुणीतरी खातंय, एवढं तरी दिसायचं."

फोन ठेवला. शेडमध्येच होते. पिंपं लालबुंद झाली होती, दिवे लावलेले, इतकं सुंदर मी आजवर काही केलं नाही. आणि मला रडू आलं. असं रडू आईच्या वेळीही आलं नव्हतं. हवेचा पंप चालू होता म्हणून कुणाला ऐकू गेलं नाही.

उठून तडक जावं असं वाटलं. पण परवा काढणी आहे, आज सोडून गेले तर इतक्या दिवसांच्या कष्टांचं पाणी होईल. नाही गेले. हे बरोबर केलं की चूक, कळत नाही. नाक्यावर जाऊन एक ताट मागवलं आणि सगळं संपवलं. चव लागली नाही. तरी संपवलं.

१७ मार्च

काढणी. हवा बंद केली की लाल सगळं तळाशी बसतं, वर स्वच्छ पाणी. पाणी नळीने काढायचं, गाळ फडक्यावर घ्यायचा, ताटल्यांत पसरून सुकवायचा. हात कोपरापर्यंत लाल. नखं तर आठवडाभर निघणार नाहीत. मधे दोनदा थांबून खाल्लं. घड्याळ लावून खाल्लं, औषधासारखं.

२० मार्च

सकाळी सुकवलेल्या मालाची पुडी लॅबवालीच्या हातात दिली. म्हणाली, "संध्याकाळपर्यंत सांगते. तू काय करतेस तोवर?" मी म्हटलं, आप्पांना आणायला जाते. तिने माझ्याकडे बघितलं आणि बसथांब्यापर्यंत सोडायला आली.

धाकट्याच्या घरी पोचले तेव्हा आप्पा गॅलरीत होते. मला बघून उठले, पण पुढे आले नाहीत.

"चला घरी," मी म्हटलं.

"नको. मी पुन्हा घालीन काहीतरी. माझा मला भरवसा नाही."

"बीजाचं पिंप तुमच्याकडे देते. त्याला रोज खायला लागतं. ते उपाशी ठेवायचंच नसतं."

त्यांनी वर बघितलं.

"आणि मलाही," मी म्हटलं. "मलाही वाढा, आप्पा. मी जेवीन. मी तुम्हाला फार वाईट बोलले. मला कळलंच नाही हो."

आप्पांनी माझे हात हातात घेतले, उलटेसुलटे करून बघितले. "हा रंग?"

"हाच."

"खरंच लाल झाली का गं?"

"लालबुंद."

त्यांनी मान हलवली आणि मला धरून आत नेलं. धाकट्याची बायको उठायला लागली, तिला हातानेच बस म्हणाले. स्वयंपाकघरात गेले, काय काय गरम केलं, ताट वाढून माझ्यासमोर ठेवलं आणि समोर खुर्ची ओढून बसले. दोन्ही हात मांडीवर. मी जेवायला लागले. ते माझ्या घासाकडे बघत होते, आणि मी त्यांना बघू दिलं.

फोन वाजला तेव्हा माझं तोंड भरलेलं होतं. स्क्रीनवर लॅबवालीचं नाव. माझा हात पुढे गेला, त्याआधी आप्पांनी फोन उचलला. "हो, मी तिचे वडील. जेवतेय ती. मला सांगा." ऐकत राहिले. डेपोत हजेरी घेत असतील तसं एकेक अक्षर पुन्हा म्हणून घेतलं. मग फोन खाली ठेवला.

"दोन पॉइंट सहा," ते म्हणाले. "चांगलं आहे का?"

मी जोरजोरात मान हलवली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, घास तोंडातच होता, आणि मला सांगायचं होतं की शेड राहिली, आप्पा, आपली शेड राहिली.

"आधी गिळ," आप्पा म्हणाले.